लाजेचं चाक

मगदूम मामांनी जुळवलेली लग्नं आणि पंचगंगेतले मासे मोजायच्या भानगडीत आमच्याकडे कुणी पडत नाही. मासे हल्ली कमी झालेत. लग्नं मात्र टिकून आहेत. बहुतेक.

दादगोंडा मगदूम हे त्यांचं कागदावरचं नाव. शिरोळ तालुक्यातल्या कुरणवाडीला घर, थोडा ऊस, दोन म्हशी आणि अख्ख्या पंचक्रोशीच्या सोयरिकी, एवढा पसारा. त्यांच्या जिभेबद्दल असं सांगतात की, बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेली दोन घराणी एकदा त्यांच्या सोप्यात चहाला थांबली. कपबश्या विसळून होईपर्यंत एका घरची मुलगी दुसऱ्या घरी द्यायचं ठरलं होतं आणि भांडणाचा बांध आहेरात गेला होता. मी हे पाहिलेलं नाही. ज्यानं मला सांगितलं त्यानंही पाहिलेलं नाही. दोघांचं एकमत आहे, म्हणजे खरंच असणार.

ही गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालातली. मुलगी बघायला जायची पद्धत तोवर उलटली होती. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळेनात, तेव्हा मुलीकडचेच मुलगा बघायला जाऊ लागले. पोह्यांचा ट्रे मुलगा घेऊन यायचा, मान खाली घालून. मुलीची आत्या विचारायची, "भाकरी येते काय रे?" तो 'येते' म्हणाला की परात पुढं सरकवायची, "थाप बघू." अशा दिवसांत ज्याच्या हातात मुलींची स्थळं, तो आमदारापेक्षा मोठा. अक्षता पडल्या की माईकवरून पुकारा व्हायचा, "मध्यस्थ मगदूम मामांनी स्टेजवर यावं!" मग टोपी, टॉवेल, नारळ आणि टाळ्या. टोप्यांनी घरातलं लोखंडी कपाट भरलं होतं. मामांच्या मंडळी पद्माक्का टॉवेलांची पायपुसणी करून थकल्या, पण टॉवेल काही संपले नाहीत.

मामांचा धंद्याचा एकच नियम होता. सुपारी फुटेपर्यंत स्थळाचं नाव कुणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. नाव बाहेर पडलं की मोडता घालणारे उगवतातच. हा नियम ध्यानात ठेवा. नियम शहाणा होता, घात त्यानंच केला.

पार्किन्सन झाल्याचं मामांना हाताच्या कापण्यावरून कळलं नाही. कळलं ते माईकवर. एका लग्नात मुलीच्या बापाचं नाव घेऊन त्यांना हार घालायचा होता. ज्या माणसाच्या घरी मामा शंभरदा जेवले, त्याचं नावच येईना. मांडव थांबला. शेवटी मागून कुणीतरी कुजबुजलं, "आद..." आणि मामांच्या तोंडून धडाधडा बाहेर पडलं, "आदगोंडा भाऊसो आलासे, यांचे वडील, यांचे चुलते, यांचं मूळ गाव..." सगळा वंशवेल. आठवण आत शाबूत होती, फक्त तिच्यापर्यंत जायचं दार सापडत नव्हतं. पुढं आवाज बसला, पावलं लहान झाली आणि चेहरा मुखवट्यासारखा गोठला. मध्यस्थाचा चेहराच हलेना, तर स्थळ कसं हलणार?

मिरजेतल्या एका दवाखान्यात डॉक्टर नाझनीन मुजावर होत्या. त्यांनी मामांना समजेल असं सांगितलं. मेंदूच्या तळाशी एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडतात. त्या पेशी मरत जातात, तसं हालचालीचं तेल संपतं आणि त्याचबरोबर आठवण वेळेवर बाहेर काढायची चपळाईही जाते. पूर्वी याच्यावर गोळ्या होत्या. आता मामांच्याच दंडाच्या कातडीतल्या पेशी घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांना डोपामिन करायला शिकवायचं आणि मिरचीचं तरू लावतात तशा त्या मेंदूत लावायच्या. गळ्याच्या हाडाखाली एक चकती बसवायची. किती पाझरायचं हा हुकूम चकती देणार, आणि चकतीला हुकूम देणार हातात मावणारं एक यंत्र, त्याला एक चाक. चाक घरच्यांकडं राहणार.

"म्हणजे डोक्यात पाट, न् पाटाची चावी बायकोकडं," मामा म्हणाले.

"आधी कुणाकडं होती?" पद्माक्कांनी विचारलं.

महिनाभरात मामा उठून बसले, मग चालले, मग एका मांडवात विनामाईक बोलले. नावं अशी आठवू लागली की वऱ्हाडी स्वतःच्या आजीचं माहेर विचारायला त्यांच्याकडं येऊ लागले. लोक म्हणाले, मगदूम मामा मेंदू नवीन बसवून आले. टोप्यांना दुसरं कपाट आलं.

काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा पद्माक्कांच्या ध्यानात आलं, तेही पत्त्यांमुळं. देवळाच्या कट्ट्यावर दुपारी रमी चालायची. गावचा न्हावी मारुती एकाच लबाडीनं मामांना रोज हरवायचा. रोज तीच लबाडी! पूर्वीच्या मामांनी दुसऱ्या दिवशी त्याचा हात धरला असता. आता हरून, हसून घरी यायचे. "काय मजा आली!" कढत चहानं रोज जीभ भाजायची, तरी रोज पहिला घोट कढतच. गोठ्याची निसरडी फरशी रोज पाडायची, रोज तिच्यावरच पाय. कौतुक केलेलं प्रत्येक वाक्य त्यांना तारीखवार आठवायचं. टोचून बोललेलं एकही अंगाला लागत नव्हतं. पद्माक्कांनी मनाची समजूत घातली, चला, माणूस आनंदात तर आहे.

त्याच काळात मामांनी माळवाडीच्या चौगुल्यांच्या प्रणालीचं लग्न सावरवाडीच्या सम्मेद खोताशी जुळवलं. लग्न असं थाटात झालं की वरातीच्या ड्रोननी आकाशात मामांची टोपी काढली होती म्हणे. सहा महिन्यांत प्रणाली माहेरी परत आली. नवऱ्यानं मारलेल्या थपडेनं तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता, तो पुन्हा नीट झालाच नाही.

तिची आई विजयाबाई एका दुपारी मामांच्या दारात येऊन उभी राहिली. काय बोलायचं ते बोलली. मामांनी तिला चहा पाजला आणि हसून वाटेला लावलं. पद्माक्का त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माळवाडीच्या बाजाराला जाणं सोडलं. जैनांच्या पर्युषणानंतर एकमेकांची क्षमा मागायची रीत असते; त्याप्रमाणं मामांनी नेहमीसारखा 'उत्तम क्षमा'चा संदेश साऱ्या लोकांना पाठवला. मोराचं पीस, कमळ, 'जाणता-अजाणता दुखावलं असल्यास' वगैरे. त्या यादीत विजयाबाईचाही नंबर होता. पद्माक्कांना हे कळलं तेव्हा त्यांनी फोन पालथा घातला, जणू फोनलाच लाज वाटायला हवी होती.

एका घरात नवरा-बायको मिळून जेवढी लाज लागते, तेवढी त्या एकट्या वाहत होत्या.

आता अन्विताचं सांगतो. अन्विता मामांच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ लवकर गेला, पोर मामांच्याच घरात वाढली. जयसिंगपूरला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिला कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या, तुझं काय? ती म्हणायची, "आमच्या आप्पांनी साऱ्या तालुक्याचं बघितलं, माझं बघणार नाहीत काय? ते आणतील तो." पोरीचा एवढा विश्वास, आणि मामांनी तिच्यासाठी स्थळ आणलं. नियमाप्रमाणं नाव सांगितलं नाही.

जयसिंगपुरात तेव्हा खास बघण्याच्या कार्यक्रमाचे हॉल निघाले होते, गार हवा, भिंतीवर मोगऱ्याचा देखावा. मामा, पद्माक्का आणि अन्विता सोफ्यावर बसली. समोर मुलाची आई होती. पडदा सरकला आणि पोह्यांचा ट्रे घेऊन सम्मेद खोत आला.

पद्माक्कांनी त्याला पाहिलं. आधी त्यांना वाटलं, आपलीच नजर चुकतेय. मग त्या उठून उभ्या राहिल्या.

"अन्विता, ऊठ."

"काय झालं, थोरली आई?"

"चौगुल्यांच्या प्रणालीचा कान ह्यानं फोडलाय. ऊठ."

मुलाची आई तटकन म्हणाली, "ते सगळं मिटलंय. कागद झालेत. मध्यस्थाला सगळं ठाऊक आहे की!"

अन्वितानं मामांकडं पाहिलं. "आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की," मामा म्हणाले. बसची वेळ विचारल्यावर सांगावं, तसं. "घर चांगलं आहे. बागायत आहे. अगं, पोहे तरी खा, बघ कसे मोकळे झालेत!"

त्या हॉलमध्ये इतकी लाज पसरली की ट्रे धरलेल्या सम्मेदचेसुद्धा कान लाल झाले. साऱ्या खोलीत एकच माणूस प्रसन्न होता आणि तो पोह्यांवर लिंबू पिळत होता.

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळं तिघं एकमेकांसमोर बसली होती. कुणालाच रस्त्याकडं बघायचं निमित्त नव्हतं.

"कशाला रडालीस?" मामांनी पद्माक्कांना विचारलं.

"विजयाबाई आपल्या दारात आली होती. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? निळी साडी होती. पायात चपला न्हवत्या, तापल्या डांबरावरनं आली होती. मी चहा दिला. तिनं निम्माच प्याला." मामांना सगळं आठवत होतं, साडीच्या काठासकट. फक्त ते वाईट होतं, एवढंच आठवत नव्हतं.

अन्विता खिडकीकडं वळली ती घर येईपर्यंत वळलेलीच राहिली. त्या दिवसापासून तिनं मामांशी बोलणं सोडलं. मामांना त्याचंही काही वाटलं नाही. पद्माक्कांना मात्र वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना मिरजेला नेलं.

डॉक्टर मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं. मग पडद्यावर चित्रांचा एक खेळ मांडला. दोन चित्रं यायची, एक निवडायचं. काही चित्रांवर 'शाब्बास' यायचं, काहींवर 'चूक'. थोड्या वेळानं मामांनी शाब्बासकीची चित्रं अचूक ओळखली. चुकीच्या चित्रांवर मात्र ते पुन्हा पुन्हा बोट ठेवत राहिले, हसत हसत, मारुती न्हाव्याबरोबर खेळल्यासारखे.

डॉक्टरीणबाईंनी पडदा बंद केला. 

"मामा, तुमच्या उसाला पाटाचं पाणी आहे ना? टेलच्या, पाटाच्या पार शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही, म्हणून दार पूर्ण उघडलं तर वरच्या शेताचं काय होतं?"

"उपळतं, पाणी जिरतच नाही. पुढं मीठ फुटतं. क्षारपड."

"तेच झालंय. हालचालीचं शेत टेलला आहे, ते वाळलं होतं. ते भिजवायला आम्ही दार पूर्ण उघडलं. पण बऱ्या-वाइटातून शिकायचं शेत वरच्या अंगाला आहे. त्याचं पाणी फारसं आटलेलंच नव्हतं, ते तुंबलं." त्यांनी कागदावर एक रेघ काढली, तिला एक उंचवटा आणि एक खड्डा. "अपेक्षेपेक्षा चांगलं घडलं की डोपामिन उसळतं. मेंदू शिकतो, हे पुन्हा कर. वाईट घडलं की ते क्षणभर घसरतं, खड्डा पडतो. त्या खड्ड्यातून मेंदू शिकतो, हे पुन्हा करू नको. तुमच्या डोक्यात पाणी एवढं आहे की खड्डा पडतच नाही. पडला तरी लगेच भरतो. आठवण राहते, तिचा डंख राहत नाही."

"आणि हे तुमच्या आधी ध्यानात आलं नाही?" पद्माक्कांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंची नजर टेबलावर गेली. "आम्ही चालणं तपासलं, बोलणं तपासलं, नावं आठवतात का ते तपासलं. लाज वाटते का, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही."

उपाय होता. चाक खाली आणायचं. खड्डे पुन्हा पडू लागतील, पण टेलचं शेत वाळणार. आवाज बसेल, पाय अडतील. आणखी एक गोष्ट होती. आठवण काढली की ती ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि पुन्हा घट्ट होताना त्या वेळची चव धरते. चाक खाली असताना जुनी आठवण सांगायला लावली, तर निसटलेला डंख तिला लागू शकतो. मात्र त्यानंतर रात्रभर चाक खालीच हवं. लगेच वर नेलं तर सगळं धुऊन जाणार.

"पण मामांची संमती लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

"मला काय धाड भरलीय?" मामा म्हणाले. "मी झक्कास आहे!"

बघा कसा पेच. ज्याला लाज वाटत नाही, त्यानं लाज वाटून घ्यायला हो म्हणायचं, आणि लाज वाटल्याशिवाय तो हो म्हणणार कशाला? डॉक्टरकीत याला उत्तर नव्हतं. पद्माक्कांकडं होतं. त्या मामांना दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये घेऊन गेल्या.

"ओ, असं करणारे साऱ्या देशात तुम्हीच पहिले म्हणे. मोठ्या परिषदेत तुमचं नाव पुकारणार हायत."

मामांचे डोळे चमकले. "स्टेजवर?"

"स्टेजवर."

"टोपी देणार?"

"फेटा," पद्माक्का म्हणाल्या, आणि खाली बघत बशीतला चहा ढवळत बसल्या. उभ्या संसारात त्या नवऱ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. लाज शिकवायचा पहिला धडा त्यांना स्वतःची लाज गिळून द्यावा लागला.

मामांनी हसत हसत सही ठोकली.

घरी, सोप्यात, पद्माक्कांनी चाक खाली आणलं. थोड्या वेळानं मामांच्या खांद्यांत ताठरपणा आला, बोलणं खर्जात गेलं. अन्विता आतल्या दाराला टेकून उभी होती. बोलत नव्हती, पण गेलीही नव्हती.

"विजयाबाई आली होती, ते सांगा," पद्माक्का म्हणाल्या.

"त्यात काय सांगायचं? आली. मी म्हटलं, बसा. बसली न्हाई. म्हणाली, 'मामा, पोरीला डाव्या कानानं ऐकू येईना.' मी म्हटलं, 'आधी चहा घ्या, कानाचा डॉक्टर माझ्या वळखीचा हाय.' तिनं कप घेतला. कप..." मामा थांबले. "पद्मे, तिचा हात कापालता."

"व्हय."

"माझ्यासारखा. तिला रोग न्हवता, तरी कापालता."

"व्हय."

"मग मी काय केलं?" हे त्यांनी असं विचारलं की उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं अशी आशा होती.

दारातून अन्विता म्हणाली, "थोरल्या आईनं सांगितलंय मला. तुम्ही त्यांना लग्नाचा व्हिडिओ दाखवला, आप्पा. टोपी घालतानाचा. 'बघा, काय लग्न लावलं होतं' म्हणालात."

तोंड लपवायला मामांनी हात वर नेले. हात निम्म्यातच अडले. तसेच ते बसून राहिले, दोन्ही हात हवेत, उघडं तोंड सगळ्यांसमोर. चेहरा गोठलेला होता, त्यावर काहीच दिसत नव्हतं, फक्त डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात पोचत नव्हता. शेवटी अन्वितानंच पुसलं, पण त्यांच्याकडं न बघता.

सकाळी पद्माक्का चाक वर न्यायला आल्या. मामा म्हणाले, "असू दे." नंतरही असू दे. एकेक आठवण ते स्वतःच काढू लागले, आणि प्रत्येकीतून काहीतरी सळसळत बाहेर यायचं. ते पुटपुटायचे, "आणि तो क्षमेचा मोर पण मीच पाठवला..." गावात मात्र उलटी हवा. कट्ट्यावरचे म्हणू लागले, मामांचं यंत्र बिघडलं, बिचारे. मारुती न्हाव्याला तर फारच वाईट वाटलं, कारण आता मामा पत्ता टाकायला दहा मिनिटं लावायचे आणि त्याचा हात धरायचे.

एक दिवस त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की पद्माक्का वाक्यं मोठ्यानं पुन्हा म्हणत होत्या.

"विचारतायत, ही लाज माझी का यंत्राची?"

तिकडून डॉक्टर म्हणाल्या, "खरं सांगायचं तर आमचीही. विज्ञानाच्या हिशोबानं तुमचा दोष नाही, मामा. पाणी आम्ही सोडलं होतं."

मामा फोनकडं झुकले. मग त्यांनी काहीतरी म्हटलं, आणि पद्माक्कांनी ते पुन्हा म्हणायच्या आधी डोळ्यांना पदर लावला.

"म्हणतायत, त्या दिवसांतल्या टोप्या माझ्या डोक्यावर बसल्या, त्या मी यंत्राला दिल्या न्हाईत. मग लाजच तेवढी यंत्राच्या डोक्यावर कशी घालू?"

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ते पद्माक्कांना घेऊन माळवाडीला निघाले. अन्विता बोलली नाही, पण त्यांच्या चपला तिनं पायांसमोर सरळ करून ठेवल्या.

चौगुल्यांच्या घरी विजयाबाई भाजी निवडत होती. तिनं 'या' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. प्रणाली नुकतीच रानातून आली होती. ती लोकांच्या उसावर फवारणीचे ड्रोन उडवायची. डावीकडून ड्रोन आला तर तिला ऐकू येत नसे, म्हणून टोपीला मागं बघायचा एक छोटा आरसा लावला होता. टोपी काढून ती मामांच्या समोर बसली.

मामा बोलू लागले. ओठ हलले. घशातून एक बारीक सळसळ आली.

"काय?" प्रणालीनं विचारलं.

मामांनी पुन्हा सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. विजयाबाई वैतागून म्हणाली, "मोठ्यानं बोला की! त्या वेळेला तर साऱ्या गल्लीला ऐकू जात होतं."

पद्माक्कांनी पिशवीतून चाकाचं यंत्र काढलं. "थोडा वेळ वर नेऊ?" त्यांनी हळूच विचारलं. "आवाज येईल. बोलून झालं की पुन्हा खाली आणू."

चाक वर नेलं असतं तर मामा खणखणीत बोलले असते. तालुक्यात कुणी मागितली नसेल अशी देखणी माफी त्यांनी मागितली असती, आणि त्यात माफीखेरीज सगळं असतं. मामांनी मान हलवली. नको.

प्रणाली त्यांच्याकडं बघत राहिली. मग उठली, खुर्ची उचलली, मामांच्या दुसऱ्या अंगाला नेली आणि चांगला कान त्यांच्या तोंडाजवळ आणून बसली. "हं. बोला."

"तुझी आई माझ्या दारात आली," मामा म्हणाले, "तिला मी चहा पाजला, न् हसलो. न् पुन्हा त्याच घरात आमची अन्विता द्यायला निघालो. चुकलं माझं. फार चुकलं."

प्रणालीनं ऐकलं. विजयाबाईच्या हातातली भाजी थांबली होती.

"अन्विताचं मोडलं ना?" प्रणालीनं विचारलं.

"मोडलं. हिनं मोडलं. तुझ्या कानाचं सांगून."

"बरं झालं. म्हणजे माझा कान गेला, तो कुणाच्या तरी उपयोगाला आला." ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते सरळच म्हटलं. "पण मामा, माफबिफ मला काही जमायचं नाही. ऐकलं मी. तेवढंच."

मामांनी मान डोलावली, की ती आपोआप डोलली, हे त्या रोगात कळत नाही.

निघताना उंबऱ्यापाशी त्यांचे पाय गोठले. पार्किन्सनच्या माणसांना दारं अशी अडवतात, जमिनीनं तळवे धरून ठेवावेत तशी. एक पाऊल आत, एक उंबऱ्याला टेकलेलं. पुढं जाईना, मागं येईना.

"ओ, उंबऱ्यात उभं राहू नये," विजयाबाई म्हणाली. "आत तरी या, न्हाईतर बाहेर तरी जा."

पद्माक्कांनी चाकाला हात घातला. मामांनी डोळ्यांनीच त्यांना अडवलं. आजची रात्र ते खालीच हवं होतं. आज ऐकलेलं धुऊन जाऊ द्यायचं नव्हतं.

डेअरीला दूध घालायची वेळ होती. गल्लीतून किटल्या घेतलेली माणसं चालली होती. त्यांतले एक म्हातारे, टोपी मागं सारत, थांबले. मामांना ते पुरते ओळखत होते. कोण ओळखत नव्हतं?

"आरं, मगदूम मामा! काय, पोरीला दुसरं स्थळ बघाय आलाय जणू?"

मामा काहीतरी म्हणाले.

"आँ?"

मामा पुन्हा म्हणाले. म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला, किटली खाली ठेवली. मागं आणखी दोघं-तिघं थांबले. मगदूम मामा बोलतायत आणि ऐकू येत नाही, हे कुरणवाडी-माळवाडीच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. पद्माक्का पदराचं टोक पिळत मागं उभ्या होत्या. मामा तिसऱ्यांदा बोलले. सळसळ ओठांवरच विरली.

मागून प्रणाली आली. उंबऱ्याच्या आतूनच, मामांच्या खांद्यावरून, तिनं गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "चुकलं म्हणतायत!"

"चुकलं? कुणाचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

प्रणालीनं मामांकडं बघितलं. हे काही ती त्यांच्याऐवजी सांगणार नव्हती.

मामांनी श्वास घेतला. तो छातीत अडला, पुन्हा घेतला. गळ्याच्या शिरा ताठल्या, चौकटीला धरलेली बोटं पांढरी पडली, आणि महिन्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज गल्लीत पोचला. फाटका, पण पोचला.

"माझं!"